शाळेतले पाणी

'आमच्या लहानपणी हे नव्हते' या सुराचे लेख रविवारच्या पुरवण्यांतून नेमाने येतात. घरात दूरदर्शन नव्हता, टेलिफोन नव्हता, वाढदिवसाला केक नव्हता. तरीही आम्ही किती सुखी होतो, असा त्यांचा शेवट असतो. या लेखांतले 'आम्ही' म्हणजे कोण, हे कधी सांगितलेले नसते. तशी गरजच लिहिणाऱ्याला वाटत नाही. आमच्या वस्तीतल्या आईबापांनी अशी यादी करायची ठरवली, तर तिच्यातली पहिली नोंद पाण्याची असेल.

माझी नात गळ्यात पाण्याची बाटली अडकवून शाळेत जाते. तहान लागली की झाकण उघडते, बाटली तोंडाला लावते आणि पुन्हा खेळायला पळते. एवढ्या साध्या गोष्टीमागे किती वर्षे खर्ची पडली, त्याचा हिशेब मांडावा म्हणून हे लिहीत आहे.

मी १९६२च्या सुमारास मराठवाड्यातल्या एका खेड्यात शाळेत जात होतो. अस्पृश्यता घटनेने नष्ट करून बारा वर्षे झाली होती. वर्गात आम्ही सर्वांबरोबर एकाच पट्टीवर बसत असू. तेवढे झाले होते. पण कोपऱ्यातला पाण्याचा रांजण मात्र होता तिथेच होता. तांब्याला हात लावायचा नाही, हे आम्हाला कोणी शिकवलेले आठवत नाही. ते येतच होते. वरच्या आळीतला एखादा पोरगा उंचावरून धार धरी, खाली आम्ही ओंजळ करून पीत असू. बाहीवर, छातीवर पाणी सांडे, वर्ग हसे. मग मधल्या सुट्टीत घरी धावत जाऊन पिणे बरे वाटू लागले. वाडा दूर होता. परत येईपर्यंत घंटा झालेली असे, आणि उशीर झाला म्हणून छडी मिळे. गुरुजी वाईट माणूस नव्हते. उशीर का होतो, हे मात्र त्यांनी कधी विचारले नाही.

माझी ही तक्रार किरकोळ ठरावी असे साठ वर्षांपूर्वी घडून गेले होते. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला वेगळे तरट असे. शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तहान लागली तर मास्तरांच्या परवानगीने भागत नसे. नळाची चावी फिरवायला शिपाई लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. १९०१ साली ते, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची दोन मुले वडिलांकडे गोरेगावला निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, पायात बूट, बरोबर डब्यात भरपूर खाणे. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाले मागे सरले. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे. रात्री वाटेवर पाणी मिळेना. जकात नाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरी मिळाले नाही. जवळचे अन्न पाण्यावाचून खाता आले नाही आणि पोरे उपाशी झोपली.

त्यांचे वडील गोरेगावला खजिनदार होते ते कोणत्या कामावर? दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. तलावाचा हिशेब ठेवणाऱ्याच्या मुलांना वाटेत घोटभर पाणी मिळाले नाही.

पाण्याची ही कोंडी कुणाच्या दयेने फुटेल, हा मार्ग आधी चाचपून झाला होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ते थोर कृत्य होते. पण ते एका घराचे होते. गावचा हौद त्याने खुला झाला नाही. सरकारकडे दाद मागणेही झाले होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाला मुंबई सरकारने नकार दिला. एका मुलासाठी बाकीच्यांच्या भावना दुखवायच्या नव्हत्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला, पण तो एका संस्थानापुरता.

खरा फरक पडला तो वेगळ्या युक्तिवादाने. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात होते. यात धर्माची चर्चा नाही, दयेची याचना नाही. पैसा सर्वांचा तर पाणीही सर्वांचे, एवढेच म्हणणे. शिवाय विहीर आणि शाळा एकाच ठरावात आहेत. पाण्यावाचून शाळा म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कागदावरचा ठराव पाण्याला टेकला. त्यानंतर मारहाण झाली, तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दावा गुदरला गेला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे.

घटनेच्या १५व्या अनुच्छेदात राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बोले ठराव वाचलेल्याला ही भाषा ओळखीची वाटेल. पुढे १९५५चा अस्पृश्यता गुन्हा कायदा आला. माझ्या शाळेतला रांजण या सगळ्यानंतरचा. १९७२च्या दुष्काळात डॉ. बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही हाक दिली, तेव्हा किती गावांत पाणवठे वेगळे होते ते महाराष्ट्राला पुन्हा दिसले.

माझ्या मुलीच्या शाळेत नळ होता. ती शहरात शिकली. रांगेत धक्काबुक्की करून, नळाखाली तोंड धरून पाणी प्यायची. त्या रांगेत कोण कोणाचे, हे नळ पाहत नव्हता. तो नळ मला बाटलीपेक्षा मोठा वाटतो, हे इथे कबूल करतो. बाटलीने मुलाची तहान भागते, पण प्रश्न सुटत नाही. फक्त ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या गळ्यात जाते. खरी परीक्षा आता पाण्याऐवजी खिचडीच्या पातेल्यापाशी आहे. १९९५ साली शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत धान्यच वाटले जाई. पोरे ते घरी नेत, कोणी कोणाशेजारी जेवत नसे, कोणाची हरकतही नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ रोजी स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले. मग चूल कोणाच्या हाती, हा सवाल उभा राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत सवर्ण मुलांनी दलित बाईंनी शिजवलेले अन्न नाकारले. बाईंना कामावरून दूर केले गेले, पुढे परत घेतले. ती मुले माझ्या नातीच्याच पिढीतली.

नातीला यातले काय सांगावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सात वर्षांच्या पोरीला तरटाची गोष्ट सांगितली, तर उद्या वर्गात ती शेजारणीकडे कशी पाहील? आणि नाही सांगितली तर? परवा ती शाळेतून आली ती बाटली भरलेलीच घेऊन. मुलीने विचारले, "पाणी प्यायली नाहीस का गं?" ती म्हणाली, "मैत्रिणीच्या बाटलीतलं प्याले. तिच्यात सरबत होतं." मुलगी रागावली, "दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावू नये. सर्दी होते." मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि सरबत कसले होते ते विचारले. कोकमाचे होते.