गोल्फचा पहिला संच निवडताना

ठाणे-भिवंडी परिसरातील काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली ही गावे एकेकाळी भातशेतीची होती. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठविणे व्यापाऱ्यांना सोयीचे असल्याने येथे गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. घरबसल्या मागविलेल्या मालाच्या व्यापाराने वळसारख्या गावाचे रूपच पालटले. महानगरातील ग्राहकाच्या दारात येणारा खोका आज अनेकदा या पट्ट्यातून निघालेला असतो. त्यात पुस्तके असतात, भांडी असतात, तसेच खेळाचे साहित्यही असते.

गोल्फच्या साहित्याबाबत मात्र एक अडचण आहे. क्रिकेटची बॅट घेताना घरातील एखादा काका किंवा मैदानावरचा प्रशिक्षक वजन, उंची, दांडा पाहून सल्ला देतो. गोल्फ मराठी मध्यमवर्गीय घरांत अद्याप रुळलेला नाही. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणून ओळखले जाते; पण तेथे खेळले जाते ते क्रिकेट. जाणत्याचा सल्ला नसल्याने नवखा खेळाडू जाहिरात पाहून पूर्ण संच मागवितो. तो संच त्याच्या मापाचा नसेल तर चेंडू सरळ जात नाही, आणि काही महिन्यांत ‘हा खेळ आपल्यासाठी नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोष बहुधा खेळाडूचा नसतो, निवडीचा असतो.

संचात काय असते?

गोल्फच्या काठीला ‘क्लब’ म्हणतात. तिचे तीन भाग असतात : हातात धरायची ग्रिप, मधला दांडा म्हणजे शाफ्ट आणि चेंडूवर आघात करणारे डोके. पूर्वी खेळाडू वीस-पंचवीस काठ्याही सोबत नेत. अमेरिकी संघटनेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनमधील नियामक संस्थेने १९३९ मध्ये ही संख्या कमाल १४ वर आणली. ही कमाल मर्यादा आहे, गरज नव्हे, हे नवोदिताने सर्वप्रथम लक्षात घ्यावे.

काठ्यांचे प्रकार ढोबळमानाने पाच आहेत. सर्वांत लांब अंतरासाठी ‘वुड’. पूर्वी यांची डोकी लाकडाची असत, आता ती धातूची असतात, नाव तेवढे राहिले. यातील सर्वांत मोठा तो ‘ड्रायव्हर’. मधल्या अंतरासाठी ‘आयर्न’. त्यांना क्रमांक असतात आणि क्रमांक वाढेल तसे अंतर कमी, उंची जास्त. वुड व आयर्न यांचे गुण एकत्र करणारा तो ‘हायब्रिड’. जवळचे उंच फटके व वाळूचे खड्डे यांसाठी ‘वेज’ आणि हिरवळीवर चेंडू भोकाकडे ढकलण्यासाठी ‘पटर’.

या सर्वांतील मुख्य फरक डोक्याच्या पृष्ठभागाच्या कलाचा. या कलाला ‘लॉफ्ट’ म्हणतात. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण ९ ते १२ अंश, सात नंबरच्या आयर्नचा २८ ते ३४, तर सँड वेजचा ५४ ते ५८ अंश असतो. लॉफ्ट जितका जास्त तितकी चेंडूला मागच्या बाजूने फिरकी अधिक मिळते आणि आडव्या फिरकीचा परिणाम कमी जाणवतो. म्हणूनच नवख्याचा वेजचा फटका बऱ्यापैकी सरळ जातो आणि ड्रायव्हरचा फटका झाडीत शिरतो.

सुरुवात सात काठ्यांनी

पहिल्या वर्षी चौदा काठ्यांची गरज नसते. शेजारच्या दोन आयर्नमधील अंतराचा फरक जेमतेम १० ते १२ मीटरचा असतो. ज्याचा एकाच काठीचा फटका कधी ८० तर कधी १३० मीटर जातो, त्याला त्या फरकाचा उपयोग होत नाही. म्हणून अर्धा संच घेण्याची जुनी पद्धत आजही शहाणपणाची आहे.

पाच नंबरचा वुड, चार किंवा पाच नंबरचा हायब्रिड, सात व नऊ नंबरची आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर असा सात काठ्यांचा संच नवोदिताला पुरेसा होतो. यात ड्रायव्हर नाही, हे अनेकांना खटकेल. ड्रायव्हरची लांबी साधारण ४५ इंच असते आणि लॉफ्ट सर्वांत कमी. म्हणजे ती काठी चुका सर्वांत जास्त दाखविते. पाच नंबरच्या वुडने चेंडू सातत्याने उडू लागला की मगच ड्रायव्हर घ्यावा आणि तोही साडेदहा अंशांहून कमी लॉफ्टचा नसावा. तीन व चार नंबरची आयर्नही अवघडच; त्यांची जागा हायब्रिडने केव्हाच घेतली आहे.

स्पेनचा विख्यात खेळाडू सेव्हेरियानो बालेस्टेरोस लहानपणी तीन नंबरच्या एकाच आयर्नवर समुद्रकिनारी खेळ शिकला. एका काठीने अनेक प्रकारचे फटके मारण्याची सवय त्याला पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

लांबी : उंचीपेक्षा मनगट महत्त्वाचे

परदेशी कारखान्यांचा प्रमाण संच साधारण पाच फूट सात इंच ते सहा फूट एक इंच उंचीचा पुरुष डोळ्यांपुढे ठेवून बनविलेला असतो. आपल्याकडील अनेक खेळाडू त्याहून कमी उंचीचे असतात. मात्र केवळ उंचीवरून निर्णय घेऊ नये. बूट घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि मनगटाच्या रेषेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. ते ३४ ते ३७ इंचांच्या दरम्यान असेल तर प्रमाण लांबी बहुधा चालते. त्याहून कमी असेल तर पाव ते अर्धा इंच आखूड काठी लागू शकते.

काठी लांब झाली की तिच्या डोक्याचे पुढचे टोक जमिनीवरून उचलले जाते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे वळतो. खेळाडू ही चूक आपली समजून अंगाची हालचाल बदलतो आणि चुकीचा स्विंग अंगवळणी पडतो. पुढे योग्य मापाची काठी हाती आली तरी ती सवय सहज सुटत नाही. चुकीच्या मापाचे खरे नुकसान पैशांपेक्षा हे आहे. संच आधीच घेतला असेल तर काठी अर्धा इंच खाली धरून पाहावी. या उपायाला खर्च नाही.

शाफ्टची लवचिकता आणि वजन

शाफ्ट पोलादी असतो किंवा ग्राफाइटचा. पोलादी शाफ्टचे वजन साधारण ९० ते १३० ग्रॅम, तर ग्राफाइटचे ५० ते ८० ग्रॅम असते. पोलादी शाफ्ट स्वस्त व टिकाऊ, ग्राफाइट हलका आणि मनगट-कोपरांना कमी हादरे देणारा. तरुण खेळाडूने आयर्नसाठी पोलाद व वुडसाठी ग्राफाइट अशी जोडी घ्यावी. पन्नाशीपुढील किंवा सांधेदुखी असलेल्या व्यक्तीने सर्वच काठ्या ग्राफाइटच्या घ्याव्यात.

लवचिकतेसाठी एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरे छापलेली असतात; एल सर्वांत लवचिक, एक्स सर्वांत ताठ. बहुतेक नवोदित पुरुषांना आर म्हणजे ‘रेग्युलर’ योग्य ठरतो. सात नंबरच्या आयर्नचा चांगला बसलेला फटकाही १०० मीटरच्या आसपासच पडत असेल तर ए म्हणजे ‘सिनिअर’ घेण्यात कमीपणा नाही. ताठ शाफ्ट घेतल्याने ताकद वाढत नाही; चेंडू ठेंगणा आणि उजवीकडे जातो, एवढेच.

डोके : चूक पोटात घालणारे

आयर्नची डोकी दोन प्रकारची असतात. मागून सपाट असलेले पातळ डोके ‘ब्लेड’ म्हणून ओळखले जाते. दुसऱ्या प्रकारात मागे पोकळी ठेवून धातूचे वजन कडेला नेलेले असते. त्याला ‘कॅव्हिटी बॅक’ म्हणतात. अमेरिकेतील अभियंता कार्स्टन सोल्हाइम यांनी १९६० च्या दशकात कडेच्या वजनाची ही कल्पना लोकप्रिय केली. वजन कडेला असल्याने चेंडू मध्यभागी न लागताही डोके कमी फिरते आणि फटका फारसा वाया जात नाही. नवोदिताने कॅव्हिटी बॅक, रुंद तळाचे आयर्नच घ्यावे. ते ओतीव आहे की घडीव, या चर्चेत पहिल्या वर्षी पडू नये.

क्रमांकांवर मात्र विसंबू नये. अलीकडच्या संचांतील सात नंबरचा लॉफ्ट जुन्या संचांतील सहा किंवा पाच नंबरएवढा असतो. एक काठी जुनी आणि एक नवी घेताना क्रमांकाऐवजी अंश पाहावेत. नाही तर दोन काठ्या एकाच अंतराच्या निघतात.

पटर आणि ग्रिप

पार ७२ च्या मैदानात प्रत्येक भोकासाठी दोन याप्रमाणे ३६ फटके पटरचे धरलेले असतात, म्हणजे निम्मे. तरीही खरेदीत पटर शेवटी येतो. पटर प्रत्यक्ष हाती घेऊनच निवडावा. चेंडूवर वाकल्यावर डोळे चेंडूच्या अगदी वर किंवा किंचित आत यावेत. बहुतेकांना ३३ ते ३५ इंच लांबी पुरते.

ग्रिप धरल्यावर डाव्या हाताची मधली दोन बोटे तळव्याला हलकेच टेकावीत. ती रुतत असतील तर ग्रिप बारीक, टेकतच नसतील तर जाड. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत रबर घामाने गुळगुळीत होते. ते कोमट पाणी व सौम्य साबणाने धुवावे आणि नियमित खेळणाऱ्याने साधारण वर्षाने बदलावे.

जुना संच की नवा?

भारतात मिळणारे नामांकित संच मुख्यतः आयात केलेले असतात. आयात शुल्क व कर यांमुळे ते महाग पडतात. त्यामुळे वापरलेला चांगला संच हा नवोदितासाठी उत्तम पर्याय ठरतो. घेताना शाफ्टवरून बोट फिरवून गंज वा खाच आहे का ते पाहावे, डोके हलवून आत खडखड होते का ते ऐकावे, वेजच्या पृष्ठभागावरील खाचा झिजलेल्या नाहीत ना हे तपासावे. ग्रिप जुन्या असतील तर हरकत नाही. त्या बदलता येतात.

बनावट संचांपासून सावध राहावे. प्रसिद्ध नाममुद्रेचा नवाकोरा संच अविश्वसनीय स्वस्त मिळत असेल तर शंका घ्यावी. अक्षरांचा रंग, डोक्याच्या मानेवरील क्रमांक, एकाच संचातील काठ्यांच्या वजनातील विसंगती यांवरून अंदाज येतो.

घरपोच मागवायचा असेल तर परतीच्या अटी आधी वाचाव्यात. वळ-मानकोलीच्या गोदामातून निघालेल्या लांब खोक्याची चढउतार अनेकदा होते. म्हणून खोका उघडतानाच छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक शाफ्ट डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहावे आणि मापाची खात्री होईपर्यंत वेष्टन काढू नये, चेंडू मारू नये. वापरलेली काठी विक्रेता सहसा परत घेत नाही.

मुले, महिला आणि डावखुरे

मोठ्यांची काठी कापून मुलाला देऊ नये. कापलेला शाफ्ट ताठ होतो आणि डोके जडच राहते. मूल काठी फिरवत नाही, काठीच मुलाला फिरविते. मुलांसाठी हलके, दोन-तीन काठ्यांचे संच मिळतात. महिलांनी केवळ ‘लेडीज’ अशी चिठ्ठी पाहून घेऊ नये. उंच व जोरकस खेळणारीला पुरुषांचा ए वा आर शाफ्ट योग्य ठरू शकतो. डावखुऱ्यांसाठी साहित्य कमी मिळते, तरी मिळते. उपलब्धतेसाठी हात बदलण्यापूर्वी प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.

खरेदीपूर्वीचे पाऊल

सर्वांत शहाणपणाचा क्रम असा : आधी सराव मैदानावर उधार वा भाड्याच्या सात नंबरच्या आयर्नने आठ-दहा वेळा सराव, मग प्रशिक्षकाकडून माप, आणि शेवटी खरेदी. १९२७ मध्ये स्थापन झालेला चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब सदस्यांसाठी आहे. सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी उभारलेले मैदान मात्र सदस्य नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता यावे अशा हेतूने साकारले. पहिल्या खर्चातील काही रक्कम प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी. चार चांगले धडे महागड्या ड्रायव्हरपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्तीतील कॅडींनी लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत गोल्फ मांडला. इतरांच्या पिशवीतल्या चौदा काठ्या खांद्यावर वाहणाऱ्यांनी स्वतःचा खेळ एका सळीवर सुरू केला. नवोदिताने सळी वाकविण्याची आवश्यकता नाही. परंतु हातात बसणाऱ्या थोड्या काठ्यांनी सुरुवात करावी, हे त्यांच्याकडून अवश्य शिकावे.