सैनिकाचा जीव आणि बंदुकीचा रंग

आमच्या कारखान्याच्या फाटकावर पूर्वी एक पहारेकरीबुवा असत. १९७१ च्या युद्धात लढलेले. रात्रपाळी सुटली की आम्ही त्यांच्या शेगडीपाशी बसत असू. एकदा त्यांनी सांगितले की, युद्धाआधी सरावाच्या छावणीत त्यांनी चिखल, काजळी आणि थोडे तेल कालवून रायफलच्या लाकडी दस्त्यावर आडवेतिडवे फराटे ओढले. तपासणीत हत्यार घाण ठेवले म्हणून त्यांना शिक्षा झाली. "आणि पुढं मोर्चावर गेलो, तवा त्याच लोकांनी सांगितलं, चमक मारा, चिखल फासा!" असे म्हणून बुवा हसले. आम्हांला हसू आले नाही. हत्यार तपासणीसाठी की ते वागवणाऱ्या माणसासाठी, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. शाळा लवकर सुटलेली. तरी मिळतील ती पुस्तके चाळली, तेव्हा प्रश्न बराच जुना निघाला.

भडक गणवेश म्हणजे निव्वळ सेनापतींचा हट्ट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या काळ्या दारूचा धूर इतका दाटे की, आपला कोण आणि परका कोण हे ओळखायला लाल-निळा रंगच कामी येई. पण १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ धूर न करणारी दारू तयार केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीबरोबर ती पायदळाच्या हाती आली. धूर गेला, गोळीचा पल्ला वाढला. दिसला तो मेला, असे दिवस आले. भडक रंगाचे कारण संपले, सवय मात्र राहिली.

धुळीत चालणाऱ्यांनी उपाय त्याआधीच शोधला होता. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने उभारलेल्या गाइड्स पलटणीने हा रंग अंगावर घेतला. १८५७ मध्ये अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे उन्हाळी कपडे चहाच्या पाण्यात आणि चिखलात बुडवून मळकट केले. त्या युद्धात त्यांच्या गोळ्यांपुढे आपलेच लोक होते, हे विसरून ही युक्ती आम्ही वाखाणणार नाही. लपणारा स्वतःचा जीव वाचवतो आणि लपूनच दुसऱ्याचा घेतो.

ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच पायदळ लाल विजारी घालून यंत्रबंदुकांपुढे गेले. रंग बदलण्याची सूचना युद्धापूर्वी झाली होती. पण लाल विजार ही राष्ट्राची अब्रू मानली गेली आणि सूचना बारगळली. २२ ऑगस्टच्या एका दिवसात सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक पडले. ते सारे विजारीपायी गेले असे नव्हे. पण अब्रूची किंमत ती ठरवणाऱ्यांनी मोजली नाही, एवढे खरे.

मग १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने छद्मावरणाचे, म्हणजे कॅमूफ्लाजचे, स्वतंत्र पथक काढले. त्याचा प्रमुख गिराँ द सेवोला हा मूळचा व्यक्तिचित्रे काढणारा चित्रकार. त्याने नाटकाचे पडदे रंगवणारे, मूर्तिकार, सुतार गोळा केले. तोफांवर पसरायच्या जाळ्यांना रंगीत गवताच्या नि कापडाच्या पट्ट्या बांधण्याचे काम कारखान्यांत बायका करीत. इतिहासात चित्रकाराचे नाव राहिले. त्या बायकांची बोटे कोणी लिहून ठेवली नाहीत. जुलै १९१८ मध्ये जर्मन सैन्यातही हुकूम निघाला की, तोफा आणि पोलादी शिरस्त्राणे हिरव्या, पिवळसर आणि तांबूस ठिगळांनी रंगवावीत व ठिगळांमध्ये बोटभर काळी रेघ ओढावी.

हे रंगकाम दिसते तितके सोपे नाही. बंदूक ओळखू येते ती मुख्यतः तिच्या लांब, सरळ कडेमुळे आणि तकाकीमुळे. रानात इतके सरळ काही क्वचितच असते. म्हणून रंग बिनचमकीचा हवा. फराटे दस्त्याच्या लांबीला धरून ओढले तर दस्ता अधिकच उठून दिसतो. ते कड ओलांडून आडवे गेले पाहिजेत, आणि एक गडद तर शेजारचा फिका हवा, म्हणजे नजर कडेऐवजी ठिगळेच पाहते. ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने हे प्राण्यांच्या अंगावरून अभ्यासले होते. वर ऊन पडते तिथे गडद आणि खाली सावलीत फिके, हा हरणाच्या पोटाचा नियमही त्याने वापरला. १९४० मध्ये रुळांवरील दोन तोफांपैकी एक त्याने आपल्या रीतीने रंगवली, दुसरी नेहमीच्या रीतीने रंगवलेली होती. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत दुसरी चटकन दिसली. कॉटची फार निरखून पाहिल्याशिवाय सापडेना. तरीही ती रीत सरसकट स्वीकारली गेली नाही.

आमच्या कारखान्यात तापलेल्या दांड्याला चिंध्या गुंडाळल्या म्हणून एका कामगाराला दंड झाला होता. यंत्र गबाळे दिसते, हे कारण. पुढे युनियनने भांडून त्याच दांड्याला लाकडी मूठ बसवून घेतली. ज्याचा हात भाजतो त्याला उपाय आधी सुचतो. त्याला विचारण्याची रीत मात्र आपोआप पडत नाही, ती पाडावी लागते. बुवांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी दस्त्यावर चिखल फासला तो बेशिस्तीने नव्हे; आपणही घरी परत जावे, एवढ्याच इच्छेने.