मीनाक्षीबाईंचा पोहण्याचा पोशाख

१९३८ सालच्या 'ब्रह्मचारी'बद्दल कुणालाही विचारा, एकच उत्तर येतं. मीनाक्षी शिरोडकर आणि तो पोहण्याचा पोशाख! (नम्रता आणि शिल्पा शिरोडकर यांच्या आजी, बरं का.) कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढं एक गाणं.

मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं उघडे दंड, उघडे पाय हे खलनायिकेच्या नाहीतर कॅबरेवालीच्या वाट्याला आले. नायिका पदर सावरत उभी! इथे मात्र किशोरी ही चक्क नायिका आहे. ती मजेत आहे, गातेय, आणि गाणारा आवाजही मीनाक्षीबाईंचाच. फजिती होते ती औदुंबरची, म्हणजे खुद्द मास्टर विनायकांची. हसं होतं ते ब्रह्मचर्याचं खूळ डोक्यात घेतलेल्या पुरुषाचं. तिच्या कपड्यांचं नाही.

बाईंचा जन्म १९१६ चा. म्हणजे वय २१-२२, आणि लग्न झालेलं. तेव्हा घरोघरी नऊवारी होती. माझी आजी नऊवारीतून पाचवारीत आली तर म्हणे आळीत चार दिवस कुजबुज चालली होती. मग पडद्यावरच्या त्या पोशाखावर काय गदारोळ झाला असेल, बघा!

बाई काही घरी बसल्या नाहीत. १९३९ साली 'ब्रँडीची बाटली' आला. कथा अत्र्यांची, दिग्दर्शक विनायक, समोर दामुअण्णा, आणि नायिका पुन्हा त्याच.