नेमसर्व्हर-स्थलांतर

नेमसर्व्हर-स्थलांतर : एखाद्या डोमेन नावाच्या अधिकृत नोंदी एका नेमसर्व्हरवरून (नावांची नोंदवही सांभाळणाऱ्या संगणकावरून) दुसऱ्यावर नेण्याची क्रिया. जुन्या नोंदींच्या प्रती जगभर काही काळ शिल्लक राहत असल्याने ती क्रमाने करावी लागते. याचे कारण डोमेन प्रणालीच्या इतिहासात सापडते.

इतिहास : अमेरिकेतील अर्पानेट जालावरील सर्व संगणकांची नावे व अंकीय पत्ते प्रारंभी एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील एसआरआय या संस्थेत ठेवलेली ही यादी प्रत्येक केंद्र उतरवून घेई. जाल वाढले, तशी उतरवलेली यादी वारंवार शिळी ठरू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी पायरीपायरीने वाटून देणारी प्रणाली मांडली. १९८७ मध्ये तिची सुधारित मानके प्रसिद्ध झाली. वेगासाठी मधले सर्व्हर उत्तरांच्या प्रती जवळ ठेवतात. मात्र प्रत्येक नोंदीवर तिचे आयुष्य सेकंदांत लिहिलेले असते. अशा रीतीने शिळेपणा नाहीसा झाला नाही. त्याला मुदत मात्र घातली गेली. बदलाची सूचना तत्काळ देण्याची पद्धत १९९६ मध्ये आली. परंतु ती दुय्यम नेमसर्व्हरांपुरती असून इतरत्र साठलेल्या प्रतींपर्यंत पोहोचत नाही.

भारताचे ‘.इन’ हे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले. प्रारंभी मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था त्याचा कारभार पाहत असे. २००५ पासून तो ‘निक्सी’कडे आहे. त्याची तांत्रिक व्यवस्था २०१९ मध्ये अफिलियासकडून न्यूस्टारकडे गेली, म्हणजे संपूर्ण देशाच्या नावाचेच स्थलांतर झाले. सोलापूर जिल्हा प्रशासनाच्या ‘सोलापूर.गव्ह.इन’ या नावाचा शोध उजवीकडून घेतला जातो : मूळ सर्व्हर ‘इन’कडे, ‘इन’ ‘गव्ह’कडे आणि ‘गव्ह’ सोलापूरच्या नेमसर्व्हरकडे बोट दाखवितो.

कार्यपद्धती : सोलापुरातील एखाद्या टॉवेल-निर्यातदाराने नेमसर्व्हर बदलून जुना त्याच दिवशी बंद केला, असे समजू. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे, त्या परदेशी ग्राहकांना संकेतस्थळ सापडणार नाही. जुन्या सर्व्हरवर टपालाचा जुना पत्ता राहिला असल्यास मागणीपत्रे भलत्याच पेटीत जाऊन पडतील. हे टाळण्यासाठी नोंदींचे आयुष्य आधी कमी करतात. ते ८६,४०० सेकंद असल्यास हा बदल किमान एक दिवस अगोदर हवा. कारण आधी घेतलेल्या प्रती जुनीच मुदत पाळतात. नंतर सर्व नोंदी नव्या सर्व्हरवर उतरवून दोन्हींची उत्तरे ताडून पाहतात व मगच वरच्या पायरीवरील निर्देश बदलतात. त्या निर्देशाचे आयुष्य डोमेनधारकाच्या हाती नसते, ‘.कॉम’च्या बाबतीत ते दोन दिवसांचे आहे. नोंदींवर अंकीय स्वाक्षरी असल्यास तिची साखळीही सांभाळावी लागते. अन्यथा स्वाक्षरी तपासणारे सर्व्हर बरोबर उत्तरही नाकारतात.

सर्वांत दीर्घ मुदत संपेपर्यंत जुना सर्व्हर नव्यासारखीच उत्तरे देत चालू ठेवतात. तोवर नोंदींत काही बदल करणे भाग पडल्यास तो दोन्हीकडे करतात. मुदत उलटल्यावरच जुना सर्व्हर बंद करून नोंदींचे आयुष्य पूर्ववत वाढवितात.