स्तंभनामे, संयोगजन्य
संयोगजन्य स्तंभनामे : सारणीतील प्रत्येक रकान्याला (स्तंभाला) सुटे नाव न देता, दोन वा अधिक वर्गीकरणांतील मूल्ये ठराविक क्रमाने जोडून संगणकाकडून तयार करून घेतलेली नावे. लिंगाची तीन मूल्ये (एकूण व्यक्ती, पुरुष, स्त्रिया) आणि कामाची पाच मूल्ये घेतली, तर त्यांच्या संयोगांतून पंधरा नावे निघतात. आज्ञावलीत एका आवर्तनाच्या आत दुसरे आवर्तन लिहिले की ती क्रमाने बाहेर पडतात. भारतात या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण जनगणनेच्या प्राथमिक गणना-गोषवाऱ्यात आढळते.

संयोगाला नाव देण्याची कल्पना जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघू व गुरू या दोन मूल्यांच्या तीन-तीन स्थानांतील आठ संयोगांना य, म, त, र, ज, भ, न, स ही नावे आहेत [⟶ छंदशास्त्र]. मात्र ‘ज’ या अक्षरावरून लघू-गुरू-लघू हा क्रम कळत नाही. तो पाठच करावा लागतो. ज्या नावातून त्याचे घटक वाचता येतात, असे नाव ही वेगळी गोष्ट असून सारणीला तिची गरज बऱ्याच उशिरा भासली.

भारतात १८८१ साली पहिली समकालिक जनगणना झाली. तेव्हापासूनच्या छापील तक्त्यांत शीर्षके मजल्यांनी चढवलेली असत : वर धर्म, त्याखाली वैवाहिक स्थिती, त्याखाली पुरुष व स्त्रिया. वाचकाची नजर वरून खाली उतरे व अर्थ आपोआप जुळे. रकान्याला पूर्ण नावाची गरजच नव्हती. १९०१ च्या गणनेत बव्हेरियातील पद्धतीवरून दरमाणशी एक चिठ्ठी करण्याची रीत आली. चिठ्ठीच्या कागदाचा रंग धर्म दाखवी, तर तिच्यावरील चिन्हे लिंग व वैवाहिक स्थिती दाखवीत. चिठ्ठ्या वेगळ्या करून ढीग मोजणे म्हणजे संयोग मोजणेच होय. तत्पूर्वी अमेरिकेत हर्मन हॉलेरिथ यांच्या छिद्रित पत्रांच्या यंत्रांनी १८९० च्या गणनेत हेच काम केले होते. संगणकात मात्र मजल्यांचे शीर्षक टिकत नाही. तेथे प्रत्येक स्तंभाला एकाच ओळीत मावणारे आणि दुसऱ्या कोणत्याही स्तंभाशी न जुळणारे नाव लागते. म्हणून मजले मोडून त्यांची आडवी साखळी करावी लागली.

२०११ च्या गोषवाऱ्यातील नावे या साखळीचा चांगला नमुना आहेत. ‘मेन_सीएल_एफ’ म्हणजे मुख्य कामकरी, शेतकरी, स्त्रिया. ‘मार्ग_सीएल_०_३_एफ’ म्हणजे तीन महिन्यांहून कमी काम मिळालेल्या सीमांतिक शेतकरी स्त्रिया. मुख्य, सीमांतिक, तीन ते सहा महिन्यांचे सीमांतिक व तीन महिन्यांखालील सीमांतिक असे चार दर्जे. एकूण धरून कामाचे पाच प्रकार. आणि लिंगाची तीन मूल्ये. या गुणाकारातून साठ स्तंभ सिद्ध होतात. पण सर्व नावे एका नियमाने बनलेली नाहीत. ‘पी_०६’, ‘एफ_एससी’, ‘एम_एलआयटी’ यांत लिंगदर्शक अक्षर आरंभी आहे, तर कामाच्या स्तंभांत ते शेवटी आहे. माणसाला हे खटकत नाही. नाव फोडून घटक परत मिळवू पाहणाऱ्या आज्ञावलीला मात्र दोन नियम शिकवावे लागतात. जन्मवेळीच एक क्रम पाळला असता, तर हा खटाटोप वाचला असता.

अक्षर शेवटी ठेवण्याचा दुसरा तोटा नकाशे करताना दिसतो. नकाशांच्या एका रूढ संचिका-प्रकारात (शेपफाइल) स्तंभनामाला दहाच चिन्हे मिळतात. मूळ रोमन लिपीत तेरा चिन्हांचे असलेले वरील नाव तेथे तोडले की व्यक्ती, पुरुष व स्त्रिया यांचे तिन्ही स्तंभ ‘मार्ग_सीएल_०_’ असे एकच होतात. काही प्रणाली पुढे अनुक्रमांक जोडतात, परंतु स्त्रियांचा स्तंभ कोणता, हे त्या क्रमांकावरून समजत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे रत्नागिरी जिल्ह्यावरून ध्यानात येते. २०११ मध्ये जिल्ह्यात ७,६१,१२१ पुरुष व ८,५३,९४८ स्त्रिया, म्हणजे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. एवढाच आकडा वाचणाऱ्याला येथे मुलींचे जन्म अधिक होतात असे वाटेल. लिंग आणि शून्य ते सहा वर्षे वय यांच्या संयोगाचे स्तंभ पाहिले की तो समज टिकत नाही : लहान मुलांत मुलींचे प्रमाण हजाराच्या खालीच आहे. मोठ्या वयातील तफावत मुख्यतः पुरुष चाकरीसाठी मुंबईला गेल्यामुळे पडते. राजापूर, लांजा, संगमेश्वर या तालुक्यांतील चाकरमानी घरांना हे सांगावे लागत नाही; सारणीत ते दिसण्यासाठी मात्र तो संयोग आधीच स्तंभ म्हणून निर्माण झालेला असावा लागतो. घरच्या शेतात हंगामापुरत्या राबणाऱ्या स्त्रिया मुख्य कामकऱ्यांच्या स्तंभात न येता सीमांतिकांच्या स्तंभांत विखुरतात, हीसुद्धा अशीच गोष्ट. तो स्तंभ न वाचणाऱ्याला कोकणची शेती प्रत्यक्षाहून अधिक पुरुषांची भासते.

कोणते वर्गीकरण नावात घालायचे व कोणते ओळीत ठेवायचे, हा निर्णय संकलकाचा असतो. याच गोषवाऱ्यात लिंग स्तंभांच्या नावांत आहे, तर ग्रामीण-नागरी भेद ओळींत आहे : राजापूर तालुक्याला एकूण, ग्रामीण व नागरी अशा तीन ओळी मिळतात आणि नगरपरिषदेच्या हद्दीतील वस्ती नागरी ओळीत जाते. सांख्यिक हॅडली विकहॅम यांनी २०१४ मध्ये स्तंभनामांत मूल्ये साठवणे हा सारणीचा दोष मानला. त्यांच्या मते लिंग, काम व दर्जा यांचे स्वतंत्र स्तंभ करून प्रत्येक संयोगाला एक ओळ द्यावी. संगणकीय हिशेबासाठी हे मत योग्य आहे. छापील पानावर एका गावाची माहिती एका ओळीत डोळ्यांखाली घालू पाहणाऱ्या तलाठ्याला किंवा अभ्यासकाला मात्र रुंद सारणीच सोयीची पडते. म्हणून लांब सारणी साठवून ठेवावी आणि रुंद सारणी व तिची नावे लागतील तेव्हा आज्ञावलीने तयार करावी, ही रीत रूढ होत आहे. अशा वेळी घटकांचा क्रम, त्यांमधील विभाजक चिन्ह आणि संक्षेपांची सूची सारणीसोबतच जतन करावी लागते.