रेल्वेने लांबची सहल आखताय? आधी गाडी नाही, उजेड बघा!

मुंबईहून मडगावला जाणाऱ्या दोन गाड्या घ्या. कोकणकन्या एक्सप्रेस रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी मडगावला पोहोचते. मांडवी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि संध्याकाळी पोहोचते. मार्ग तोच, अंतर तेवढंच. कामासाठी जायचं असेल तर कोकणकन्या उत्तम, कारण दिवस वाया जात नाही. पण फिरायला निघाला असाल तर कोकणातले बोगदे, पूल आणि खाड्या तुम्ही झोपेत पार करता.

लांब पल्ल्याच्या रेल्वे सहलीचं नियोजन बहुतेकांचं इथेच चुकतं. तिकीट काढताना आपण 'लवकर कोणती पोहोचते?' हे बघतो. सहलीसाठी प्रश्न वेगळा हवा: 'बघण्यासारखा भाग गाडी दिवसा पार करते की रात्री?'

हे नीट समजण्यासाठी आपण एक खरा मार्ग घेऊ. मुंबईहून कोकण रेल्वेने गोवा, पुढे केरळ, तिथून कन्याकुमारी आणि येताना मदुराई, गुंटकल, सोलापूर, पुणे असा वेगळ्या वाटेने परत. साडेतीन हजार किलोमीटरहून मोठा हा फेरा आठ-दहा दिवसांत आरामात होतो.

कोणता टप्पा दिवसा, कोणता रात्री?

आधी मार्गाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यापुढे 'दिवस' किंवा 'रात्र' लिहा.

रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाला. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि ६४ मीटर उंच खांबांचा पानवल पूल याच मार्गावर आहेत. त्यामुळे मुंबई-मडगाव टप्पा दिवसा हवाच. मांडवीशिवाय जनशताब्दी आणि तेजस या दिवसाच्या गाड्यांचाही पर्याय आहे. या दोन्ही गाड्यांना काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा असतो.

मडगावहून पुढे नेत्रावती एक्सप्रेस घेता येते. ती मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारच्या आधी निघते, रात्री मडगावला येते आणि उजाडताना उत्तर केरळमध्ये असते. म्हणजे कर्नाटकची किनारपट्टी अंधारात जाते, पण केरळ दिवसा दिसतं. होन्नावरजवळचा शरावती नदीवरचा सुमारे दोन किलोमीटरचा पूल बघायचाच असेल, तर मडगाव-मंगळूर टप्पा वेगळा करून दिवसाची गाडी शोधावी लागेल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दूधसागर धबधबा कोकण रेल्वेवर नाही. तो मडगावहून पूर्वेकडे, कुळे आणि कॅसलरॉक यांच्यामधल्या घाटात आहे. तो बघण्यासाठी हुबळीच्या दिशेची गाडी लागते.

पावसाळ्यात जाणार असाल तर आणखी एक हिशेब करा. कोकण रेल्वेवर त्या काळात वेगळं वेळापत्रक असतं. २०२५मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं लागू होतं. दरडींच्या धोक्यामुळे गाड्या कमी वेगाने चालवतात, त्यामुळे संध्याकाळी पोहोचणारी गाडी रात्री पोहोचू शकते. हिरवाई मिळेल, पण शेवटचा टप्पा अंधारात जाईल.

सगळ्यात आधी कोणती गाडी ठरवायची?

जी रोज नसते ती.

आपल्या उदाहरणात मांडवी, नेत्रावती या रोजच्या गाड्या आहेत. एक दिवस पुढे-मागे झाला तरी चालतो. पण परतीसाठी सोयीच्या असलेल्या, कन्याकुमारीजवळच्या नागरकोविलहून मुंबईला येणाऱ्या गाड्या आठवड्यातून ठरावीक वारीच सुटतात. त्यामुळे परतीचा वार आधी पक्का करा आणि तिथून उलटे मोजत मुंबईहून निघण्याची तारीख काढा. आधी जाण्याची तारीख ठरवली, तर कन्याकुमारीत दोन दिवस नुसते बसून राहण्याची वेळ येऊ शकते.

६० दिवसांचं गणित

१ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी ही मुदत १२० दिवसांची होती. या ६० दिवसांत प्रवासाचा दिवस धरत नाहीत.

समजा, तुम्ही १० डिसेंबरला मुंबईहून निघणार आणि १८ डिसेंबरला नागरकोविलहून परतणार. जाण्याचं आरक्षण ११ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडेल आणि येण्याचं १९ ऑक्टोबरला. म्हणजे जाण्याचं तिकीट हातात आल्यावरही आठ दिवस परतीचं काय होणार, हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणूनच परतीचं तिकीट कन्फर्म होईपर्यंत हॉटेलचे पैसे भरू नका. भरायचेच असतील तर बुकिंग मोफत रद्द करता येतं का, ते आधी बघा.

दुसरी गंमत अशी की हे ६० दिवस गाडी जिथून निघते तिथल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही जिथे चढता तिथल्या नाही. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून निघणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी पनवेलला येते. पनवेलहून चढणाऱ्याचं आरक्षणही दिल्लीच्या तारखेनुसार, म्हणजे एक दिवस आधीच उघडतं. स्वतःच्या तारखेवरून मोजलंत तर एक दिवस उशिरा जागे व्हाल.

आयआरसीटीसी खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवा. १ ऑक्टोबर २०२५पासून आरक्षण उघडल्यानंतरच्या सुरुवातीच्या वेळेत ऑनलाइन तिकीट काढायला ती लागते.

वेटिंग आलं तर?

सगळं वेटिंग सारखं नसतं. जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण प्रतीक्षा यादी, तिच्यात तिकीट कन्फर्म होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. मधल्या स्टेशनांच्या आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल यादीत ती कमी असते. आरएसी असेल तर प्रवास नक्की होतो, फक्त बाजूचा खालचा बर्थ दुसऱ्या प्रवाशाबरोबर वाटून बसावं लागू शकतं.

चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्येच राहिलेलं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. पण फेऱ्यातला एक टप्पा असा गळला तर पुढची सगळी साखळी तुटते. म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी दुसरी गाडी किंवा बस आधीच बघून ठेवा.

सहलीची योजना तत्काळच्या भरवशावर करू नका. हे आरक्षण गाडी सुरुवातीच्या स्टेशनहून निघण्याच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी १० वाजता आणि बिगरएसीसाठी ११ वाजता. त्यातलं कन्फर्म तिकीट तुम्ही स्वतःहून रद्द केलंत तर पैसे परत मिळत नाहीत.

एकच तिकीट, अख्खा फेरा

रेल्वेकडे अशा सहलींसाठी एक जुनी सोय आहे: सर्क्युलर जर्नी तिकीट, म्हणजेच वर्तुळाकार प्रवासाचं तिकीट. प्रवास जिथे सुरू झाला तिथेच संपला पाहिजे ही त्याची मुख्य अट आहे. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबता येतं.

यात पैसे वाचतात ते रेल्वे भाड्याच्या रचनेमुळे. अंतर वाढतं तसा प्रति किलोमीटर दर कमी होत जातो. पाच तुकड्यांची पाच तिकिटं काढली की प्रत्येक वेळी मोजणी सुरुवातीच्या महाग टप्प्यापासून होते. सर्क्युलर तिकिटात एकूण अंतराचे दोन समान भाग करून दोन लांब प्रवासांचं भाडं लावतात.

अडचण एवढीच की हे तिकीट नेहमीसारखं अ‍ॅपवर मिळत नाही. संपूर्ण मार्ग लिहून विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाच्या कार्यालयात किंवा काही मोठ्या स्टेशनांच्या व्यवस्थापकाकडे जावं लागतं. तिथे भाड्याचा हिशेब होतो, मग तिकीट मिळतं आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्याचं आरक्षण खिडकीवर वेगळं करावं लागतं. चार-पाच जण असाल आणि फेरा मोठा असेल, तर या खटपटीचा फायदा आहे. दोघांच्या छोट्या सहलीसाठी सुटी तिकिटं सोपी पडतात.

खिडकी कशी मिळवायची?

स्लीपर आणि थ्री टियर एसीच्या नेहमीच्या डब्यात ७, १५, २३ असे आकडे बाजूच्या खालच्या बर्थचे असतात. टू टियर एसीत ते ५, ११, १७ असे येतात. तुम्ही एकटे असाल तर बाहेर बघत बसायला ही सगळ्यात चांगली जागा. मात्र ऑनलाइन तिकीट काढताना नेमका नंबर निवडता येत नाही, फक्त पसंती कळवता येते.

दक्षिणेकडे जाताना सह्याद्री डावीकडे आणि समुद्राची बाजू उजवीकडे असते. पण डबा कोणत्या तोंडाने जोडला जाईल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे त्यावर पैज लावू नका.

एसी डब्यात काच बंद असते, स्लीपरमध्ये खिडकी उघडता येते. दिवसाचा छोटा टप्पा स्लीपर किंवा चेअर कारने आणि रात्रीचा टप्पा एसीने, अशी विभागणी खिशालाही परवडते.

आईवडील बरोबर असतील तर

ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या आठवणीवर बजेट करू नका. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांना तो मिळू शकतो. एकाच तिकिटावर तरुण प्रवाशांची नावं असतील तर हा कोटा हातचा जाऊ शकतो, म्हणून आईवडिलांचं तिकीट वेगळं काढणं बरं.

दोन टप्प्यांच्या मध्ये काही तास काढायचे असतील तर मोठ्या स्टेशनांवरच्या रिटायरिंग रूमचा विचार करा. त्यासाठी कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो. आंघोळ आणि दोन तासांची झोप मिळाली की पुढचा प्रवास खूप सोपा होतो.

गाडी लेट झाली तर?

होणारच, असं धरून चाला. एका गाडीतून उतरून दोन तासांत दुसरी पकडायची, अशी आखणी सहलीत करू नका. मध्ये किमान एक रात्र ठेवा. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर नियमानुसार टीडीआर भरून पूर्ण परतावा मागता येतो. प्रवासात काहीही अडचण आली तर १३९ हा हेल्पलाइन नंबर आहे.

तिकिटाचा परतावा मिळतो, पण सुट्टीचा बुडालेला दिवस परत मिळत नाही. म्हणून आठ दिवसांच्या सहलीत एक दिवस मुद्दाम रिकामा सोडा, शक्यतो परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी. सगळं वेळेवर झालं तर कन्याकुमारीचा आणखी एक सूर्योदय बघता येईल. नाही झालं, तर तोच दिवस तुमची परतीची गाडी वाचवेल.