वसई-विरारमधील माध्यमिक शाळा

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात धर्मग्राम (चर्चचे पॅरिश), गावकरी आणि स्थानिक शिक्षणसंस्था यांनी उभारलेल्या व पुढे सरकारी अनुदानावर चाललेल्या हायस्कुलांची परंपरा. आज हा भाग मुंबईचे उपनगर म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची जुनी हायस्कुले खेड्यांची आहेत.

वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. त्याच शतकात जेझुइटांनी किल्ल्यात विद्यालय काढले. त्याच्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे. जपानमध्ये नागासाकी येथे 1597 साली हौतात्म्य पत्करलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्याच हाताखाली शिकले. मात्र 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तो अध्याय संपला. आजच्या हायस्कुलांचे नाते थेट त्या विद्यालयाशी जोडणे इतिहासाला धरून होणार नाही.

इंग्रजी अमदानीत गावोगावच्या मराठी शाळेची शेवटची पायरी म्हणजे सातवी, अर्थात व्हर्नाक्युलर फायनल. ती उत्तीर्ण झाला की मुलगा शिक्षक किंवा तलाठी होऊ शके. मॅट्रिक व्हायचे तर मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिलीत नाव घालावे लागे, आणि हायस्कूल जवळ नसेल तर वाट तिथेच खुंटे. विरारहून मुंबईला उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 पासून धावत होती आणि 1936 मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला रोज गाडीने धाडणे बागायतदार वा मच्छीमार घराला कसे परवडावे? गावातल्या हायस्कुलाचे मोल यातून कळते.

पापडीचे थॉमस बाप्टिस्टा हायस्कूल, नंदाखालचे सेंट जोसेफ, आगाशीचे के. जी. हायस्कूल आणि वसई गावातील न्यू इंग्लिश स्कूल ही या परंपरेतील परिचित नावे. सगळी रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला, केळी-पानवेलींच्या वाड्यांच्या पट्ट्यात. घरी कादोडी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलणारी मुले इथे एका बाकावर बसून प्रमाण मराठी शिकली. चर्चच्या आवारातली शाळा म्हणजे इंग्रजी माध्यम, हे समीकरण वसईला जुन्या काळी लागू नव्हते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) नंदाखालच्या सेंट जोसेफ मराठी हायस्कुलात शिकले आणि 2020 साली उस्मानाबादला भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या शाळांनी मराठीला काय दिले, याचे याहून ठळक उदाहरण शोधण्याची गरज नाही.

विद्यावर्धिनी संस्थेचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय वसई रोडला 1971 मध्ये निघाले आणि शालान्त परीक्षेनंतर मुंबई गाठण्याची सक्ती सैलावली. 1975 पासून शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला आली.

पुढे वस्ती पूर्वेकडे, नालासोपारा-विरारच्या स्थानकांभोवती दाटली. जुनी हायस्कुले जिथल्या तिथे राहिली. नव्या वस्तीत प्रामुख्याने खासगी, विनाअनुदानित इंग्रजी शाळा वाढल्या. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. तरीही सरकारी प्राथमिक शाळा महापालिकेकडे न जाता जिल्हा परिषदेकडेच राहिल्या आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी नवा जिल्हा झाल्यावर त्यांचा कारभार ठाण्याहून पालघरला गेला.